आजीची ओवी वाजलीच नाही! ध्वनिफाइलींचं रूपांतर : मोफत आणि घरच्या घरी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या पार्ल्यातल्या शाळेत सातवीच्या मुलांना एक काम दिलं होतं. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना गाठायचं आणि त्यांच्याकडून एखादी ओवी, पाळणा, उखाणा किंवा गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून आणायची. मुलांना काम आवडलं. ३८ फाइली जमल्या. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हॉलमधल्या जुन्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, तर त्यातल्या ११च वाजल्या! बाकीच्यांवर क्लिक केलं की एकच उत्तर : ही फाइल उघडता येत नाही.

घाईघाईत इंटरनेटवर जी पहिली फुकट साइट दिसली, तिथे सगळ्या फाइली चढवल्या. 'सर्वात लहान फाइल' असा पर्याय होता, तोच निवडला. सगळ्यांचं एमपी३ झालं, कार्यक्रम छान झाला. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ फाइली मी पुसून टाकल्या.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीची आई स्टेशनजवळ भेटली. म्हणाली, "बाई, आमच्या सासूबाईंची ती ओवी तुमच्याकडे असेल ना? त्या गेल्या हो गेल्या महिन्यात. आणि तो फोन तर केव्हाच बिघडला." मी फाइल शोधून पाठवली. रात्री स्वतः ऐकली. शब्द कळत होते, पण आवाज जुन्या एसटीडी बूथवरून आल्यासारखा. 'स' आणि 'श' तर 'फ'सारखे ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाई, आजीचा आवाज असा नव्हता."

ती चूक कशी झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून काय करायचं, हे सांगायला आजचा लेख. लागणारी साधनं पूर्णपणे मोफत आहेत.

फाइल वाजत का नाही?

ध्वनिफाइल म्हणजे डबा असं समजा. डबा वेगळा आणि आतला पदार्थ वेगळा. फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं (एमपी३, ओपस, एम४ए वगैरे) हे डब्यावरचं लेबल. आतला आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे, त्या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात. संगणकाला ती पद्धत ठाऊक नसली की तो हात वर करतो. फाइल खराब नसते, फक्त उघडणाऱ्याला ती उघडायची कशी ते माहीत नसतं.

आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने फाइलच्या नावातलं 'ओपस' खोडून तिथे 'एमपी३' लिहिलं होतं. कल्पना चांगली, पण साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिल्याने साखरेचं मीठ होत नाही. रूपांतर करायचं म्हणजे आतला आवाज बाहेर काढून नव्या पद्धतीने पुन्हा भरावा लागतो.

आपल्याकडे नेहमी येणारे प्रकार असे :

* वेव्ह – आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवलेला. फाइल मोठी.
* फ्लॅक – आवाज दाबलेला, पण उघडल्यावर कणभरही कमी न होणारा. फाइल वेव्हच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश.
* एमपी३ – कानाला फारसं जाणवणार नाही असा भाग काढून टाकून लहान केलेली फाइल. जवळजवळ सगळीकडे वाजते.
* एम४ए – आयफोनच्या आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या रेकॉर्डरमधून येते. आत बहुतेक वेळा 'एएसी' कोडेक.
* ओपस – व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट बहुधा याच प्रकारच्या. २०१२ साली प्रमाणित झालेला मुक्त कोडेक. अगदी लहान फाइलीतही बोलणं स्पष्ट ठेवतो, पण जुन्या संगणकांना कळत नाही.
* एएमआर – जुन्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग. फक्त बोलण्यासाठी बनवलेला, त्यामुळे गाण्याला अगदीच अपुरा.

थोडं गणित (मुलांकडूनही करून घ्या)

सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. एका बाजूचा (मोनो) आवाज असेल तर ४४,१०० × १६ = ७,०५,६०० बिट. आठाने भागा : ८८,२०० बाइट दर सेकंदाला. म्हणजे मिनिटाला साधारण ५.३ एमबी. स्टिरिओ असेल तर याच्या दुप्पट.

हाच आवाज १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये मिनिटाला एक एमबीच्या आतच बसतो, ६४ केबीपीएसमध्ये अर्ध्या एमबीच्या आत. सातवीच्या मुलांना गुणाकार, भागाकार आणि एककांचं रूपांतर शिकवायला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही.

आता नमुन्यांचा आणखी एक नियम. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो. ४४,१०० नमुने असतील तर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंत. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, म्हणजे पुरेसं झालं. पण नमुने ८,००० केले, की ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं जातं. 'स' आणि 'श' या वर्णांचा सळसळणारा भाग बराचसा त्याच्या वरच असतो. म्हणून साध्या फोनवर नाव सांगताना आपण "स, स... समईतला स" असं म्हणतो. त्या साइटवरच्या 'सर्वात लहान फाइल' पर्यायाने नेमकं हेच केलं होतं. आजीचे 'स' मीच कापून टाकले होते.

एकच नियम लक्षात ठेवा

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होत जातं. पुसट झेरॉक्स चांगल्या जाड कागदावर काढली म्हणून अक्षर ठळक होत नाही. आवाजाचंही तसंच. ओपसमधून एमपी३, त्यातून पुन्हा लहान एमपी३ असं करत गेलं की दर वेळी थोडं हरवतं. आणि एमपी३चं वेव्ह केलं तर फाइल फक्त फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

म्हणून नियम असा : मूळ फाइल जशी आली तशीच जपायची आणि रूपांतर नेहमी मूळ फाइलीवरूनच करायचं. एवढं पाळलं तर बाकी कुठलीही चूक दुरुस्त करता येते.

कोणती साधनं वापरायची?

ही तिन्ही साधनं मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स आहेत. त्यांचा प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते कुणालाही पाहता येतं. पैसे नाहीत, 'एवढ्याच फाइली फुकट' अशी अटही नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात.

* व्हीएलसी – पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला प्लेअर. २००१पासून मुक्त परवान्याखाली आहे. हा नुसता प्लेअर नाही, यात रूपांतरही होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.
* ऑडॅसिटी – अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेला प्रकल्प. २०००मध्ये लोकांसाठी खुला झाला. यात आवाज रेकॉर्ड करता येतो, कापता-जोडता येतो आणि दुसऱ्या प्रकारात बदलता येतो.
* एफएफएमपेग – २०००मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं साधन. याला खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते.

उतरवून घेताना एक काळजी : अधिकृत साइटवरूनच घ्या (व्हिडिओलॅन डॉट ओआरजी आणि ऑडॅसिटीटीम डॉट ओआरजी). सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

आणि हो, बहुतेक वेळा रूपांतराची गरजच नसते. हॉलच्या संगणकावर नुसतं व्हीएलसी बसवलं असतं, तर आमच्या त्या ३८ फाइली त्याच संध्याकाळी वाजल्या असत्या. 'वाजत नाही' अशी तक्रार आली की आधी हा उपाय करून बघा.

पद्धत १ : एक-दोन फाइली, व्हीएलसीमधून

१. वरच्या 'मीडिया' मेनूतून 'कन्व्हर्ट / सेव्ह' निवडा.
२. 'ॲड' दाबून मूळ फाइल निवडा. खालचं 'कन्व्हर्ट / सेव्ह' बटण दाबा.
३. 'प्रोफाइल'मध्ये 'ऑडिओ – एमपी३' निवडा.
४. 'ब्राउझ' दाबून नवी फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि तिला नवं नाव द्या. शेवटी टिंब आणि एमपी३ असल्याची खात्री करा.
५. 'स्टार्ट'. सरकपट्टी शेवटापर्यंत गेली की काम झालं.

चौथ्या पायरीवर जुन्याच फाइलचं नाव देऊ नका. मूळ फाइलीवरच नवी लिहिली जाते आणि दोन्हींचं नुकसान होतं.

पद्धत २ : कापाकापी हवी असेल तर, ऑडॅसिटीमधून

१. ऑडॅसिटी उघडा आणि फाइल माउसने ओढून आत सोडा. निळ्या लाटा दिसतील.
२. सुरुवातीचं "हं, आजी, बोल आता" आणि शेवटचं "झालं का गं?" माउसने निवडून डिलीट करा. (माझं मत विचाराल तर एका प्रतीत हे राहू द्या. पुढे तेच ऐकावंसं वाटतं.)
३. 'फाइल' मेनूतून 'एक्स्पोर्ट ऑडिओ' घ्या. प्रकार एमपी३, चॅनेल मोनो, नमुने ४४,१००.
४. बिटरेट : नुसतं बोलणं असेल तर मोनोला ६४ केबीपीएस पुरतं. ओवी, पाळणा, गाणं असेल तर १२८ घ्या.
५. नाव द्या, फोल्डर निवडा, 'एक्स्पोर्ट' करा.

ऑडॅसिटीत हमखास होणारी चूक सांगते. 'सेव्ह प्रोजेक्ट' केलं की जी फाइल तयार होते, ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. एका ताईंनी तीच फाइल ग्रुपवर पाठवली आणि सगळे पालक "वाजत नाही, वाजत नाही" करत बसले. दुसऱ्यांना द्यायची असेल तर सेव्ह नाही, एक्स्पोर्ट.

एखादी एम४ए किंवा एएमआर फाइल ऑडॅसिटीत उघडली नाही, तर तिला एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. ऑडॅसिटी स्वतःच तसा संदेश दाखवते. जुन्या लेखांत मात्र 'एमपी३साठी लेम नावाची फाइल वेगळी उतरवा' असंही वाचाल. त्याचं कारण एमपी३वरची पेटंटं. २०१७मध्ये तो परवान्यांचा कार्यक्रम संपला आणि २०१९पासून ऑडॅसिटीबरोबरच ती सोय येते. आता वेगळं काही करायला नको.

पद्धत ३ : वर्गभर फाइली एकदम

ऑडॅसिटीच्या 'टूल्स' मेनूत 'मॅक्रो मॅनेजर' आहे. त्यात 'एमपी३ कन्व्हर्जन' नावाचा तयार मॅक्रो मिळतो. तो निवडून 'फाइल्स' बटण दाबा, सगळ्या फाइली एकदम निवडा आणि चहा घेऊन या. नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये तयार होतात, मूळ फाइलींना हात लागत नाही.

टाइप करायला न घाबरणाऱ्यांसाठी एफएफएमपेग. आज्ञा एका ओळीची : आधी 'एफएफएमपेग' हा शब्द, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी आय, मग मूळ फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं नाव. अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत. नव्या नावाच्या शेवटी एमपी३ लिहिलं की एमपी३ होतं, फ्लॅक लिहिलं की फ्लॅक. नववी-दहावीच्या मुलांना हे दाखवा, त्यांना फार मजा येते.

पार्ल्याची विमानं आणि पंख्याची घरघर

आपल्या भागातल्या रेकॉर्डिंगमध्ये आजी, नातवंडं आणि विमान अशी तीन पात्रं असतात. "बाई, विमानाचा आवाज काढता येईल का?" असं पालक नेहमी विचारतात.

ऑडॅसिटीत 'नॉइज रिडक्शन' आहे. आधी नुसत्या घरघरीचा एखादा सेकंद निवडून तिची ओळख करून द्यायची, मग पूर्ण रेकॉर्डिंगवर ते लावायचं. पंखा, फ्रिज, कॅसेटची सळसळ असा एकसारखा आवाज यात बराच कमी होतो. विमानाचा आवाज मात्र चढतो, उतरतो, बदलत राहतो, त्यामुळे तो नीट निघत नाही. जोर लावून काढायला गेलात तर आजीचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. खरा उपाय जुनाच : खिडकी लावा, पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि विमान जाईपर्यंत थांबा.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर थेट व्हॉइस नोट न पाठवता फोनच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करा आणि ती फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस नोट मुळातच खूप दाबलेली असते.

घरातल्या कॅसेटींचं काय?

पु. ल. देशपांडे पार्ल्यात वाढले, पार्ले टिळक विद्यालयात शिकले. त्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्यांची चिंता करू नये, ती रेकॉर्डिंग बाजारात मिळतात. चिंता करायची ती दुसऱ्या कॅसेटींची : मुंजीत रेकॉर्ड केलेल्या, आजोबांच्या पत्रासारख्या बोललेल्या, आत्याच्या गाण्याच्या. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

चालू टेपरेकॉर्डर मिळवा. त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या माइक किंवा लाइन-इनच्या भोकात साधी वायर लावा. ऑडॅसिटीत लाल बटण दाबा, कॅसेट सुरू करा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, कारण लाल झाली की आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. मोनो वेव्हमध्ये ती साधारण २४० एमबी होते, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी. ही फ्लॅक म्हणजे तुमची मूळ प्रत. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपी३ बनवा.

जपून ठेवताना

* दोन फोल्डर करा : 'मूळ' आणि 'वापरायला'. 'मूळ'मधली फाइल कधीच बदलायची नाही.
* फाइलच्या नावात कोण, काय, कुठे, कधी हे लिहा. 'रेकॉर्डिंग-००१७' या नावावरून दहा वर्षांनी कुणाला काही कळणार नाही.
* मूळच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक तरी प्रत कुटुंबाकडे परत द्या.
* मुलांचे आवाज अनोळखी साइटवर चढवू नका. तिकडे त्यांचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानतो. वरची तिन्ही साधनं आपल्याच संगणकावर काम करतात, फाइल घराबाहेर जात नाही.

हे सगळं कशासाठी?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. १९९०च्या दशकात बर्नार बेल या कामात आले आणि त्यांनी ध्वनिमुद्रणं केली. आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर या ओव्या वाचता येतात, त्यातल्या अनेक त्या बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. वर्गात जरूर ऐकवा. त्यातल्या काही गायिका आज हयात नाहीत. तरी त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो, कारण मूळ मुद्रण कुणीतरी सांभाळलं.

आपल्या शाळेचं काम याच्यापुढे अगदी छोटं. पण एखाद्या घरासाठी ती एकच फाइल सगळं काही असते, हे मला त्या मुलीने शिकवलं. तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी जमणाऱ्या फाइली आधी 'मूळ' फोल्डरमध्ये जातात, आणि मग पुढचं काम.

या आठवड्याचा गृहपाठ (मोठ्यांसाठी) : फोनमध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाची एक तरी फाइल शोधा. नसेल तर आजच रेकॉर्ड करा. नाव द्या, मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि मग एमपी३ करून घरच्यांना पाठवा. कुठे अडलात तर कळवा, मिळून सोडवू.